ब्रह्मकमळ समोरच्या वहिनींकडे फुलतं, माझ्याकडे का नाही?

प्रिय काकू,

सात वर्षांपूर्वी माहेरून ब्रह्मकमळाचं एक पान आणून लावलं. आज झाड माझ्या खांद्याला लागतं, पण फूल एकदाही नाही. गॅलरी पश्चिमेची आहे. कुंडी सोळा इंची, मागच्याच वर्षी बदलली. दर पंधरा दिवसांनी शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी घालते. दिवाळीच्या सफाईत लांब सुटलेल्या काठ्या आणि जुनाट पानं छाटते, म्हणजे झाड आटोपशीर दिसतं. गेल्या जुलैत वाटाण्याएवढ्या दोन कळ्या आल्या. देवासमोर फुलाव्यात म्हणून कुंडी आत आणून देवघराशेजारी ठेवली, तर तिसऱ्या दिवशी दोन्ही गळून पडल्या.

समोरच्या वहिनींना चार वर्षांपूर्वी याच झाडाचं पान मीच दिलं होतं. त्यांनी ते तेलाच्या जुन्या डब्यात खोचलं, गॅलरीच्या ग्रिलला बांधलं आणि विसरून गेल्या. यंदा आषाढात त्यांच्याकडे एका रात्रीत अकरा फुलं! अख्खी सोसायटी आरतीला. सासूबाई म्हणाल्या, "ज्याची पुण्याई, त्याच्याच दारी ब्रह्मकमळ." मी हसले, पण मनाला लागलं.

निवडुंगाची जात म्हणून पाणी कमी करू का? धाकटी बहीण जर्मनीत असते, ती गणपतीला येईल तेव्हा तिला एक पान न्यायचंय, चालेल का? आणि दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून फुलांसकट आणलेला ख्रिसमस कॅक्टस परत फुलतच नाही, त्याचं काय करू?

— एक वाचक, कोथरूड

तू मला काकू म्हटलंस, तेव्हा मीही तुला एकेरीतच लिहिते.

आधी पुण्याईचं मिटवू. वहिनींच्या डब्यातलं झाड आणि तुझ्या कुंडीतलं झाड ही दोन वेगळी झाडं नाहीतच. पानापासून लावलेलं रोप म्हणजे मूळ झाडाचाच तुकडा. रंग, वास, फुलायची कुवत, सगळं तेच. शेतकी कॉलेजात जसा प्रयोग लावतात तसा तुम्ही दोघींनी चार वर्षं नकळत लावला आहे. वाण एक, इमारत एक, पाऊस एक. गॅलरीची दिशा आणि सांभाळणारे हात तेवढे वेगळे. निकाल अकरा विरुद्ध शून्य. त्यामुळे देवाला यात ओढायचं कारण नाही. ती अकराही फुलं तुझ्याच झाडाची आहेत हे सासूबाईंना जरूर सांग, पण चहा झाल्यावर, सावकाशीने.

आता घोटाळ्याचं मूळ. आपण याला कमळ म्हणतो आणि कमळासारखंच लाडावतो. खरं ब्रह्मकमळ हिमालयात, साधारण ३७०० मीटरच्या वर, खडकांत उगवतं. उत्तराखंडचं ते राज्यपुष्प, आणि जात सूर्यफुलाच्या कुळातली. आपल्या गॅलऱ्यांतलं झाड त्याचं कोणीच लागत नाही. हा दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास या बाजूच्या ओल्या जंगलांतला निवडुंग, शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटालम. नाव बदला असं मी म्हणत नाही. माझी आई ब्रह्मकमळ म्हणायची, मीही तेच म्हणते. पण सांभाळायचं ते निवडुंग म्हणून, आणि तोही माळरानावरचा काटेरी फड्या नव्हे. हा झाडावर राहणारा निवडुंग आहे.

झाडावर म्हणजे बांडगुळासारखा नाही बरं का. बांडगूळ यजमानाच्या ताटातच जेवतं. हा नुसता ओसरीला राहतो, जेवण स्वतःचं. कोकणात आंब्याच्या खोडावर आमरी, म्हणजे ऑर्किड, चिकटून असते ना, तसाच संसार. दोन फांद्यांच्या बेचक्यात पालापाचोळा साठतो, पक्ष्यांची शीट पडते, त्या ओंजळभर कुजलेल्या पाल्यात याची मुळं. पाऊस आला की भिजायचं, तासाभरात निथळून जायचं. डोक्यावर मोठ्या झाडाचं छत, त्यातून झिरपणारं ऊन. सोळा इंची कुंडीतली काळी माती आणि कोथरूडचं चार वाजताचं ऊन यातलं त्याने काहीच पाहिलेलं नाही. तेलाचा डबा मात्र बेचक्याच्या बराच जवळ जातो.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खुपली ती कात्री. आपण ज्याला पान म्हणतो ते पान नव्हेच, ते चपटं झालेलं खोड आहे. १८१२ साली एड्रियन हॉवर्थ या इंग्रज वनस्पतितज्ज्ञाने या गटाला एपिफायलम, म्हणजे 'पानावरचं', असं नाव दिलं. फूल पानावर येतं असं पाहणाऱ्याला वाटतं, ते वाटणं नावात राहून गेलं. तर या चपट्या खोडाच्या कडेला ज्या खाचा दिसतात, त्या खाचेतच कळी धरते. आणि ती सहसा धरते गेल्या वर्षीच्या किंवा त्याआधीच्या पिकलेल्या खोडावर. यंदाचं पोपटी, लुसलुशीत पान दिसायला छान, पण फुलाच्या दृष्टीने अजून शाळकरी. तू दर दिवाळीला नेमकी पिकलेली खोडं काढतेस आणि शाळकरी ठेवतेस. पुन्हा वर्षभर पेंड घालून नवी शाळकरी वाढवतेस. सात वर्षं तू फुलं येण्याच्या जागाच कापत आली आहेस गं.

त्या लांब गोल काठ्यांचंही तसंच. मुळापासून सरळ वर जाणारी काठी ही या झाडाची शिडी असते. पुढे तिलाच बाजूने चपटी पानं फुटतात आणि त्यांच्यावर फुलं लागतात. झाड वेडंवाकडं, अस्ताव्यस्तच वाढतं; आटोपशीर ब्रह्मकमळ मी आजवर पाहिलेलं नाही. काठ्यांना ग्रिलचा आधार दे, मऊ कापडाच्या पट्टीने सैल बांध. कात्री लावायची ती फक्त सडलेल्या, चिघळलेल्या किंवा पूर्ण वाळलेल्या भागाला. एका खाचेतून फूल येऊन गेलं की तिथून सहसा पुन्हा येत नाही. त्यामुळे ज्या खोडाच्या सगळ्या खाचा वापरून झाल्या आहेत, असं एखादं पाच-सहा वर्षांनी काढलंस तर चालेल. तो दिवस तुझ्यासाठी अजून लांब आहे.

पेंड बंद. शेंगदाण्याच्या पेंडीत नत्र सात टक्क्यांच्या आसपास असतं. पालेभाजीला ती उत्तम, कारण तिथे आपल्याला पानंच हवी असतात. या झाडाला दर पंधरवड्याला एवढं नत्र मिळालं तर फुलायची घाई त्याने का करावी? आता पावसाळाभर काहीच घालू नकोस. दिवाळीनंतर मूठभर जुनं गांडूळखत पुरे. मार्चअखेरपासून जूनपर्यंत तीन आठवड्यांतून एकदा कृषी सेवा केंद्रात मिळतं ते 'शून्य बावन्न चौतीस' नावाचं विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम विरघळवून दे. त्यात नत्र नसतं, स्फुरद आणि पालाश असतं. आधी साधं पाणी घालून माती ओली करायची, मग हे. जास्त घातलं तर फुलं जास्त येतील असा हिशोब मांडू नकोस, मुळं करपतात.

कुंडीचं सांगते. या झाडाची मुळं थोडकी आणि उथळ असतात, आणि जरा दाटीत बसली तरच ते फुलायचं मनावर घेतं. सोळा इंची कुंडीत मुळं वरच्या चार बोटांत आणि खाली नुसता ओला चिखल, असं होत असणार. मात्र आत्ता भर पावसात उपटू नकोस. पाऊस सरला, ऑक्टोबरचं कडक ऊन जरा निवलं की काढ. काळी, मऊ पडलेली मुळं कापून टाक, दोन दिवस सावलीत तसंच ठेव आणि दहा इंची कुंडीत बसव. माती मी अशी करते: पालापाचोळ्याचं कुजलेलं खत एक भाग, नारळाच्या सोडणाचे सुपारीएवढे तुकडे एक भाग, बागेची माती अर्धा भाग आणि विटेचा चुरा-तुकडे अर्धा भाग. थोडा चुलीतला कोळसा असला तर बरं. सोडणाचे तुकडे दोन दिवस पाण्यात भिजवून ते तांबूस पाणी फेकून द्यायचं, त्यात मीठ असतं. मिश्रण बरोबर झालं का हे पाहायची एकच रीत: तांब्याभर पाणी ओतलं की बुडाच्या भोकातून लगेच धार लागली पाहिजे.

"निवडुंग, म्हणजे पाणी कमी" हे ऐकून मी माझं पहिलं झाड मारलं आहे. मे महिना, मी गावी, परत आले तर पानं सुकवलेल्या आमसुलासारखी. हा जंगलातला निवडुंग आहे, त्याला पाणी लागतं. तुंबलेलं चालत नाही एवढंच. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाल. कोरडं लागलं तर पोटभर घाल, ओलं लागलं तर पुढे जा. उन्हाळ्यात याचा हिशोब दोन-तीन दिवसांआड येतो. नोव्हेंबर ते जानेवारी आठवड्याला एकदा पुरतं, आणि तेवढी विश्रांती त्याला हवीच असते. पुण्याच्या पावसात उघड्यावर राहिलं तरी बिघडत नाही. रत्नागिरी-सावंतवाडीकडच्या कुणी हे वाचत असेल तर मात्र कुंडी पागोळीच्या आत ओढा, नाहीतर जुलैअखेर खोड बुंध्याशी पिवळं पडून लिबलिबीत होतं.

पश्चिमेची गॅलरी ही तुझी खरी अडचण, पण सुटणारी आहे. सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन आणि मग दिवसभर उजेड, ही या झाडाची हौस. वहिनींना पूर्वेची गॅलरी आयतीच मिळाली. तू मार्च ते मे गॅलरीला पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट लाव किंवा कुंडी एखाद्या मोठ्या झाडाच्या आडोशाला ठेव. तुझ्या झाडाच्या कडा तांबूस दिसतात का बघ. त्या उन्हाच्या खुणा. नुसती तांबूस झाक असेल तर हरकत नाही, पांढुरके कागदासारखे डाग पडले तर ऊन फार झालं. उलट पानं अरुंद, लांबुडकी आणि गडद हिरवी होत असतील तर उजेड कमी पडतोय.

आणि त्या दोन कळ्या. वाचताना मला माझीच आठवण झाली. फोटोला बरा उजेड यावा म्हणून मी एकदा कळ्या आलेली कुंडी अर्धी फिरवली होती. चार कळ्या होत्या, चारही गेल्या. कळी धरल्यावर कुंडी हलवायची नाही, फिरवायची नाही. मोकळ्या दमट हवेतून तू ती पंख्याखाली, अंधूक उजेडात, उदबत्तीच्या धुरात नेलीस. झाडाने पहिला खर्च कापला तो फुलांचा. जागा बदलायची असेल तर ती आत्ता, कळी नसताना. एकदा ठरली की पुढच्या पावसाळ्यापर्यंत तीच.

कळी ओळखायची कशी? खाचेत आधी मसुरीएवढा तांबूस फुगवटा येतो. नवं पान असेल तर तो लवकरच चपटा होतो. कळी असेल तर गोल राहते, देठ लांबवते आणि खाली लोंबकळते. त्यावर गोड थेंब येतात, मुंग्या येतात. त्यांना येऊ दे, फवारा मारू नकोस. मारायचा तो पिठ्या ढेकणाला. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब भांड्याचा साबण. पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन गोगलगायीही बघ, त्यांना कोवळी कळी फार आवडते.

फुगवट्यापासून फुलापर्यंत साधारण तीन आठवडे. शेवटच्या दोन-तीन दिवसांत एक मजा होते. इतके दिवस खाली लोंबणारी कळी मान उचलते. देठ इंग्रजी 'यू'सारखा वळतो आणि टोक वर येतं. हे दिसलं की घरात सांगायचं. फुलायच्या दिवशी पाच-साडेपाचला कळी टपोरी होते, तिच्याभोवतीच्या तांबूस काड्या बाजूला सरकू लागतात. सात-आठला टोक सैल होतं. नऊनंतर खुर्ची घेऊन बसलीस तर पाकळी हललेली डोळ्यांना दिसते, एक अगदी बारीक थरथर. वास आधी येतो, फूल मग पूर्ण उघडतं. आत पुंकेसरांचा झुपका आणि मधोमध पांढरी चांदणी. तिच्यात कुणाला शेषशायी विष्णू दिसतो, कुणाला पाळण्यातला कृष्ण. हा सगळा थाट मुळात रात्री फिरणाऱ्या मोठ्या पतंगांसाठी. पांढरा रंग आणि दाट वास अंधारात त्यांना बोलावतो. केरळात याला निशागंधी म्हणतात, जपानीत 'चांदण्यातली सुंदरी' अशा अर्थाचं नाव आहे. उजाडायच्या आत सगळं मिटून मान टाकतं. टीव्ही आणि ट्यूब दोन्ही बंद ठेवून बघ.

सासूबाईंच्या आरतीचीही सोय आहे. कुंडी देवघरात न्यायची नाही, फूल न्यायचं. दहा-साडेदहाला पुरतं उमललं की देठासकट कापून देवापुढे ठेव. ते पहाटे मिटणारच होतं, झाडाचं काही नुकसान नाही.

बहिणीचं. पान बॅगेत घालून देऊ नकोस. 'साइट्स' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात जवळपास सगळं निवडुंग कुळ दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे सीमेपार नेताना परवाना लागतो. शिवाय युरोपीय संघात २०१९च्या डिसेंबरपासून प्रवाशाने आणलेल्या जिवंत रोपाला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. एका पानापायी विमानतळावर जप्ती आणि दंड कशाला? तिला म्हणावं, तिथल्याच नर्सरीत एपिफायलम ऑक्सिपेटालम या नावाने विचार. जर्मन या गटाला 'ब्लाटकाक्टस' म्हणतात, म्हणजे पान-निवडुंग. खोडाला पान समजण्यात तेही आपल्याच पंगतीला. तिकडे थंडीत झाड घरात घ्यायचं, दहा अंशांखाली जाऊ द्यायचं नाही. माहेरच्या पानाची माया मला कळते, पण ते इथेच राहू दे.

ख्रिसमस कॅक्टसचं थोडक्यात. तोही झाडांवर, खडकांवर राहणाराच, पण ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या डोंगरांतला. त्याला कळी धरायला सलग लांब रात्र आणि गारवा लागतो. ब्राझीलमध्ये तो मेमध्ये फुलतो आणि त्याला मे महिन्याचं फूलच म्हणतात, कारण दक्षिण गोलार्धात तेव्हा रात्री लांबतात. आपलं मे फ्लॉवर म्हणजे तो कांद्यातून येणारा लाल चेंडू, त्याचा याच्याशी संबंध नाही. पुण्यात नोव्हेंबर-डिसेंबरची रात्र साधारण तेरा तासांची, गारवाही बरा. म्हणजे निसर्ग आपलं काम करतोय. माझा संशय तुझ्या गॅलरीतल्या दिव्यावर आहे. रात्री बारापर्यंत ट्यूब चालू असेल तर झाडाची रात्र होतच नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून सहा-सात आठवडे त्याला अशा जागी ठेव जिथे सूर्य मावळल्यावर दिवा लागत नाही. पाणी बेताचं. उन्हाळा त्याला फार सोसत नाही, सावलीत आणि वाऱ्यावर ठेव. दोन वर्षं जगलाय म्हणतेस, म्हणजे तुझा हात वाईट नाही.

आता यंदाचं काय? तुझ्या मोठ्या झाडाकडून या मोसमात फुलाची आशा धरू नकोस. कात्री आणि पेंड थांबली, तर आत्ताची पानं पुढच्या आषाढापर्यंत पिकतील. तोवर एक काम कर. वहिनींकडून फुलून गेलेल्या झाडाचं एक पिकलेलं, ज्याच्या बऱ्याच खाचा अजून रिकाम्या आहेत असं पान माग. तुझंच आहे, संकोच नको. पिकल्या खोडापासून लावलेलं रोप कोवळ्यापेक्षा लवकर फुलतं. तरी दोन वर्षं धर. वीतभर तुकडा घे, आठ दिवस सावलीत ठेवून कापलेली कड सुकू दे, मग सहा इंची कुंडीत दोन बोटं खोल खोच. पहिले पंधरा दिवस पाणी नुसतं शिंपड.

आणि कापल्याबरोबर खालच्या टोकाला दोरा बांध. आठ दिवसांनी खालचं कुठलं आणि वरचं कुठलं ते आठवत नाही. मी दोनदा उलटं लावलं आहे.